समेची सवय

म्हैसूर, रविवार रात्र.

पावसामुळे कुक्करहळ्ळी तलावावरची फेरी राहिली. मग हेडफोन लावून ड्रीम थिएटर या रॉक बँडचा १९९९चा ‘मेट्रोपोलिस भाग दोन’ हा अल्बम सलग ऐकला. पाऊण तासाहून बराच मोठा ऐवज, पण गोष्ट एकच: नायक निकोलस संमोहनात शिरतो आणि गेल्या जन्मी आपण १९२८मध्ये खून झालेली व्हिक्टोरिया होतो, हे त्याला उमगतं. ‘मधुमती’ सिनेमा पाहिलेल्यांना पुनर्जन्माचं कसलं नवल? नवल आहे ते धून परतण्याचं. आधी ओझरती येऊन गेलेली स्वरावली पुढे निराळ्या लयीत भेटते, तेव्हा निकोलसच्या आधी आपल्यालाच काहीतरी आठवतं.

मधल्या वाद्यरचनेत मात्रांचा हिशेब शंभराहून अधिक वेळा बदलतो. समेची सवय झालेला माझा हात मांडीवर अडखळत राहिला.

इथल्याच महाराजा जयचामराज वाडियारांनी कर्नाटकी कृती रचल्या आणि रशियन संगीतकार मेट्नरच्या ध्वनिमुद्रणांना पैसाही पुरवला. हा गोंगाट त्यांना रुचला असता का, कोण जाणे! मला एवढं पटलं, की सुटी गाणी ऐकून यातलं निम्मंही हाती लागत नाही. आठवणींवरचा हा अल्बम ऐकणाऱ्याच्याच स्मरणशक्तीवर चालतो.