‘अपात्र’ संगणक आणि दान घेणाऱ्याचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. तेव्हापासून आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकांना दोन प्रकारची माणसं भेटत आहेत. एक म्हणतो, “हे सगळं भंगारात काढा, नवीन घ्या.” दुसरा स्वतःच्या कार्यालयातले जुने संगणक आणून देतो, फोटो काढतो आणि जातो. आपण दोघांपुढेही मान डोलावतो. माझं म्हणणं असं की, मान डोलावण्याआधी यंत्र तपासा. त्याला इंजिनिअर लागत नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, संगणकशास्त्रात नाही.

आधी एक अफवा बाजूला करू. विंडोज १० चा संगणक त्या तारखेला बंद पडलेला नाही, तो चालतोच. फक्त त्यात नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं आता आपोआप बुजवली जात नाहीत. “मग काय बिघडलं?” असं आमच्या काही कार्यकर्त्यांनीच विचारलं. बिघडतं ते असं, की विहाराच्या अभ्यासिकेतल्या संगणकावर पोरं-पोरी महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुकचं पहिलं पान हे सगळं पडलेलं असतं. ज्याच्या खात्यात वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते, त्याच्यासाठी सुरक्षा ही चैन नाही.

आमच्याकडे सहा संगणक आहेत, सगळे दानात आलेले. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोज ११ चालेल की नाही, ते सांगतं. त्याने सहाही यंत्रं नापास केली. दुकानदाराने तिथेच नव्या संगणकांचा आकडा सांगितला. पण निकालपत्र खाली वाचत गेलं की कळतं, नापास होण्याची कारणं तीन वेगवेगळ्या जातकुळीची आहेत.

दोन यंत्रं आठव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची. इंटेलची पिढी ओळखायला सोपी आहे : क्रमांक ८१०० असेल तर आठवी, ७४०० असेल तर सातवी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.०. टीपीएम म्हणजे किल्ल्या-पासवर्ड जपणारी तिजोरी. या दोन यंत्रांत ती होती, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली. इंटेलमध्ये तिचं नाव ‘पीटीटी’, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’. ती चालू केली. डिस्कची जुनी एमबीआर रचना होती. फायलींची प्रत काढून ठेवली, विंडोजमध्येच असलेल्या साधनाने ती जीपीटी केली आणि बायोसमध्ये जुनी बूटपद्धत बदलून यूईएफआय केली. दोन्ही यंत्रं पास. खर्च शून्य.

एक यंत्र कोअर टू ड्युओचं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ज्या आज्ञा लागतात, त्यातल्या काही त्यात मुळातच नाहीत. तिथे वाद नाही, ते खरंच चालणार नाही.

उरलेली तीन सातव्या पिढीच्या आय-फाइव्हची. रॅम ८ जीबी, टीपीएम २.० आहे, सगळं आहे, फक्त मान्य प्रोसेसरच्या यादीत नाव नाही. ही खरी वादाची जागा. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतला एक लॅपटॉप-प्रोसेसर ठरावीक यंत्रांपुरता यादीत घेतला. तो प्रोसेसर कंपनीच्या स्वतःच्या ‘सरफेस स्टुडिओ २’ मध्ये होता. म्हणजे काय जमतं हा एक प्रश्न, आणि कोणाला यादीत घ्यायचं हा वेगळा. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं कंपनीच सांगते. पोरांच्या कागदपत्रांसाठी ती वाट नको.

याला कोणी ‘डिजिटल मनुवाद’ म्हणेल. मला ते उथळ वाटतं. संगणकाला जात नसते, आणि प्रत्येक नकाराला मनुवाद म्हटलं की खऱ्या मनुवादावर बोलायला शब्द उरत नाहीत. इथे व्यापारी धोरण आहे, आणि धोरण दबावाने बदलतं. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. त्यासाठी ३० डॉलर भरा किंवा आपली सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवा, अशा अटी घातल्या. युरोपातल्या ग्राहक संघटना भांडल्या, तिथल्या लोकांना ती साठवण्याची अट न घालता मोफत मिळालं. भारतात आपण भांडलोच नाही.

त्या तीन यंत्रांवर आम्ही लिनक्स मिंट टाकलं. फायरफॉक्स आहे, मराठी युनिकोड टायपिंग आहे, लिब्रेऑफिस आहे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरता येतात. टायपिंगच्या सरावाचं आमचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालतं, म्हणून तो वर्ग पहिल्या दोन यंत्रांवर. रांग लागते, वेळापत्रक भिंतीवर लावलंय.

आता दानाबद्दल. मार्सेल मॉसने १९२५ मध्ये भेटवस्तूवर निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परतफेड या तिन्हींमागे सामाजिक बंधन असतं, असं त्याने दाखवलं. आपल्याला हे मॉसशिवायही कळतं. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टं सोडायला सांगितलं. जुना संगणक म्हणजे उष्टं नव्हे, चांगला असेल तर जरूर घ्यावा. पण कोअर टू ड्युओसारखं यंत्र ‘दान’ म्हणून आलं, की ई-कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचं काम देणाऱ्याकडून आपल्या अंगावर येतं. भंगारवाल्याकडे गेलं तर ते फोडणारे हातही गरिबाचेच. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या प्रमाणावर यंत्रं वापरणाऱ्या कार्यालयांनी जुनी यंत्रं नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायची आहेत.

गेल्या महिन्यात एका कंपनीने बारा संगणक देऊ केले. आम्ही आभार मानले आणि चार गोष्टी लेखी विचारल्या : प्रत्येकाच्या प्रोसेसरचा क्रमांक, टीपीएमची आवृत्ती, रॅम आणि डिस्क, आणि नापास यंत्रं तुम्ही परत नेणार का. मध्यस्थ गृहस्थ चिडले, “फुकट मिळतंय तर एवढी चौकशी कशाला?” दहा दिवसांनी यादी आली. बारापैकी चार घेतले. उरलेले आठ त्यांनी कुठे पाठवले, ते विचारणारं दुसरं पत्र काल टाकलंय.