शेवट कुणाला आवडला?

फूलबागेत संध्याकाळी सहा वाजता पाच-सहा जणी एका बाकाभोवती जमतात. तीन बाकावर बसतात, बाकीच्या उभ्याने बोलतात. सगळ्या साठीच्या पुढच्या, लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतल्या. माझी आई त्यांतलीच एक. मी लग्नानंतर गोंदिया जिल्ह्यात आले, इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी ग्वाल्हेरला गेले की आईला बागेत पोचवणे आणि घरी आणणे हे काम माझ्याकडे असते.

पूर्वी त्या बाकावर गुडघेदुखी, सुना आणि गोपाळ मंदिरातल्या जन्माष्टमीच्या दागिन्यांची चर्चा असे. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तर विषय वेगळाच.

"तिने त्याला सोडायला नको होतं. मी तर पाचव्या भागापासून बोलत होते."

"अहो वहिनी, त्यानेच तिला सोडलं. फोन करायला कुठे वेळ होता त्याला?"

मला वाटले, कुणाच्या तरी नातीचे लग्न मोडले. चेहरा गंभीर करून मी चौकशी केली तेव्हा सगळ्या हसल्या. प्रकरण दक्षिण कोरियातल्या एका मालिकेचे होते!

हे वेड आमच्या घरात माझ्या लेकीने आणले. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. आजीकडे राहायला गेली की दोघी रात्री जेवणानंतर टॅब उशीला टेकवून बसतात. आजीला कोरियन येत नाही, खालची इंग्रजी अक्षरे भराभर जातात. मग लेक ती मराठीत मोठ्याने वाचून दाखवते. पोथी वाचावी तसे. आजी मध्ये मध्ये शंका विचारते, लेक निरसन करते. कोरियन नावे आजीच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून तिने सगळ्यांचे बारसे नव्याने केले आहे: तलवारवाली, पेपरवाला, बातम्यावाली.

ही तलवारवाली म्हणजे 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' या मालिकेची नायिका ना ही-दो. सोळा भागांची ही मालिका 2022 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये प्रथम दाखवली गेली. गोष्ट सुरू होते 1998 मध्ये, कोरियावर मोठे आर्थिक संकट आले तेव्हा. ही-दो शाळेत तलवारबाजी शिकते. संकटामुळे शाळेचा संघच बंद होतो. बेक यी-जिनच्या वडिलांचा धंदा बुडतो आणि श्रीमंत घरातला हा मुलगा पेपर टाकण्यासारखी कामे करून जगू लागतो. दोघांची मैत्री होते, पुढे प्रेम. तो टीव्हीचा बातमीदार होतो. 2001 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यावर त्याला तिकडे जावे लागते, आणि हळूहळू दोघे दुरावतात. भांडण होते, निरोप होतो, गोष्ट संपते. लग्न होत नाही.

हा शेवट दाखवला गेला तेव्हा जगभरचे प्रेक्षक चिडले होते. खरे तर लेखिकेने लपवले काहीच नव्हते. पुढच्या काळातली ही-दोची मुलगी आजीच्या घरी आईची जुनी डायरी वाचते, अशी मालिकेची चौकट आहे. त्या मुलीचे आडनाव किम. बापाचे आडनाव बेक नाही, हे लक्षात ठेवणाऱ्यांना सारे कळायला हवे होते. पण प्रेक्षक आशा सोडत नाही. माझी लेक म्हणाली, "मम्मी, मला वाटलं होतं की आडनावाचं काहीतरी स्पष्टीकरण देतील." शेवटचा भाग पाहून ती दोन दिवस जेवणावर रुसली होती.

बाकावर मात्र दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, सोळा रात्री आम्हाला जागवले ते काय यासाठी? दुसऱ्या तटाचे म्हणणे, पहिलं प्रेम कुणाचं तडीला गेलं आहे? हे बोलणाऱ्या काकू थोडा वेळ समोरच्या झाडाकडे पाहत राहिल्या. कुणी पुढे विचारले नाही.

मी प्राध्यापिका. मला गप्प बसवेना. मी म्हटले, "याच्या आधी तुम्ही 'क्रॅश लँडिंग ऑन यू' पाहिली ना? त्यातही ती दोघं कायमची एकत्र येत नाहीत. ती दक्षिणेची, तो उत्तरेचा सैनिक. वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेटतात, बस. तेव्हा तुम्ही खूश होता, आत्ता का चिडता?"

"तिथे मध्ये सरहद्द होती," एक मावशी लगेच म्हणाल्या. "इथे काय होतं? नुसतं काम."

वाचकहो, समीक्षेची पुस्तके चाळूनही मला हे इतक्या थोडक्यात सापडले नसते. आपण सीमेवरच्या जिल्ह्यात राहणारी माणसे. सरहद्दीचे कारण आपल्याला लगेच पटते. मृत्यू, युद्ध, खलनायक, दुष्ट सासू, सगळे पटते. पण दोन चांगली माणसे, कुणाची चूक नसताना, केवळ वेळ मिळाला नाही म्हणून दूर जातात, हे सोसत नाही. कारण ते आपल्या घरातही होऊ शकते.

फूलबागेच्याच परिसरात राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरला लढता लढता गेली. राजकवी तांब्यांनी तिच्यावर कविता लिहिली, दर जूनमध्ये इथे बलिदान मेळा भरतो. राणीची गोष्ट या बायकांनी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली. ती शेवटी वाचायला हवी होती, असे मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. तो शेवट तिच्या आयुष्याला शोभतो, म्हणून आपण रडतो पण भांडत नाही.

शेवटाशी भांडणारे प्रेक्षक मात्र जुनेच. मी त्यांना भवभूतीची गोष्ट सांगितली. वाल्मीकींच्या कथेत सीता धरणीच्या पोटात जाते. आठव्या शतकातल्या भवभूतीला ते पाहवले नाही. त्याने 'उत्तररामचरित' लिहिले आणि शेवटी रामसीतेची भेट घडवून आणली. हा भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. ते पद्मपूर म्हणजे आमच्या आमगावजवळचे, असे वा. वि. मिराशींनी मांडले. आणि त्याचे 'मालतीमाधव' घडते पद्मावती नगरीत, म्हणजे ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या आजच्या पवाया गावी. त्यात माधव विदर्भातून पद्मावतीला शिकायला येतो आणि तिथल्या मंत्र्याच्या मुलीच्या, मालतीच्या प्रेमात पडतो. राजाला तिचे लग्न दुसऱ्याशी लावायचे असते, एक कापालिक तिचा बळी द्यायला निघतो, आणि तरी शेवट गोड! आजच्या कुठल्याही मालिकेला पुरेल इतका मालमसाला.

"म्हणजे तुझ्या उलट," आई म्हणाली. "तो तिकडून इकडे आला, तू इकडून तिकडे गेलीस."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आईच्या बोलण्यातला 'गेलीस' मला लागला. त्याला कारण होते.

2019 च्या मार्चमध्ये बाबा गेले. महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. भावाचा फोन आला होता, "ताई, ये. बरं दिसत नाही." माझ्याकडे परीक्षेचे काम होते. चार पेपर राहिले होते. मला कुणी अडवले नव्हते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मीच ठरवले की चार पेपर संपवून निघू. तिसऱ्या पेपरच्या दिवशी पहाटे बाबा गेले. छत्तीसगढ एक्स्प्रेसने मी ग्वाल्हेरला पोचले तेव्हा अंगणात बादल्या उपड्या घातल्या होत्या आणि भावाचे डोके भादरलेले होते.

आई मला एक शब्द बोलली नाही. तेराव्यानंतर डबा बांधून दिला, स्टेशनवर आली. नंतरही फोन, सण, सगळे नेहमीसारखे. पण बाबांचे शेवटचे दिवस हा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. सहा वर्षे हे असेच चालले. मीही विचारले नाही. ती काय म्हणेल, याची भीती होती.

त्या सुट्टीत लेकीने आजीच्या आग्रहाखातर मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. 'प्रोफेसरबाईंना दाखव जरा' म्हणून मलाही बसवले. ही-दोची आई ही टीव्हीवरची नामवंत निवेदिका, म्हणजे आमची बातम्यावाली. ही-दोचे वडील गेले तेव्हा आई टीव्हीवर बातम्या देत होती, लेकीजवळ आली नाही. तो राग मुलीने वर्षानुवर्षे मनात धरलेला असतो. पुढे एका भागात दोघी कबरीपाशी जातात आणि ती कडक बाई नवऱ्याच्या आठवणीने मोडून पडते. लेक खालची अक्षरे मराठीत वाचत होती, तिचाही आवाज जड झाला.

"थांबव जरा," आई म्हणाली.

लेकीने चित्र थांबवले. आई टॅबकडे पाहतच म्हणाली, "सगळे त्या दोघांच्या लग्नाचं घेऊन बसलेत. हिचं कुणी बोलत नाही. मुलीला वाटतं, आई आली नाही. पण न येणारीला काय झालं असेल, ते तिचं तिलाच."

खोलीत कूलरचा आवाज तेवढा होता. मी म्हटले, "आई, मी यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतंस."

मला वाटले, झाले, एवढेच. पण ती पुढे बोलली. "आदल्या रात्री यांनी विचारलं होतं, हिचे पेपर संपले का? मी सांगितलं, दोन राहिलेत. तर म्हणाले, संपवून येऊ दे, मुलांचं नुकसान नको. मी तुला हे सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"रागावले होते तुझ्यावर. म्हटलं, हिला इतक्या लवकर बरं वाटू द्यायचं नाही. मग इतके दिवस गेले की सांगायचं कसं, तेच कळेना."

लेक आमच्या दोघींकडे पाहत होती. मग तिने उठून तिघींना पाणी आणले. मी खूप रडले. आई रडली नाही, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव आता पुढचं."

वर्गात मी मुलांना सांगत आले की प्रेक्षक पात्रात स्वतःला पाहतो. ते अर्धेच होते. आईने त्या बातम्यावालीत स्वतःला पाहिले नाही, मला पाहिले. मालिकेतल्या बाईला क्षमा करणे सोपे असते. तिथून घरातल्या बाईपर्यंत यायला आईला सोळा भाग दोनदा पाहावे लागले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फूलबागेत गेलो. बाकावर वाद अजून मिटला नव्हता. एका मावशींनी आईला विचारले, "तुमचं मत काय हो, शेवट बरोबर की चूक?"

आई म्हणाली, "चूकच. एक फोन करायला काय झालं होतं?"

गाडी रात्रीची होती. आई फाटकापर्यंत आली, डबा हातात दिला, आणि नातीला म्हणाली, "पुढची मालिका निवडशील तेव्हा शेवट आधी पाहून ठेव. रडायचं असेल तर मला सांग, म्हणजे तुझ्या आईच्या सुट्टीत लावू."