पांडवलेण्याच्या डोंगरातील पांढरा स्फटिक

मुंबईहून आग्रा महामार्गाने नाशिकला येताना, शहर सुमारे आठ किलोमीटरवर राहिले असता, उजव्या हातास शंकूसारखा एक डोंगर उभा दिसतो. जुन्या शिलालेखांत त्याचे नाव त्रिरश्मी असे आहे. आपण त्याला पांडवलेण्याचा डोंगर म्हणतो. आपल्या समाजातील कुटुंबे म्हसरूळच्या गजपंथ तीर्थास जाता-येता पायथ्याशी गाडी थांबवतात, पायऱ्या चढून लेणी पाहतात आणि परततात. त्याच डोंगराच्या परिसरातील दगडाच्या खाणींतून निघालेला एक खनिज-स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. नाशिककरांना मात्र तो क्वचितच ठाऊक असतो. त्याचे नाव गूसक्रीकाइट.

नाव परके आहे, कारण ओळख परदेशात पटली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लीसबर्ग गावाजवळ गूस क्रीक नावाची दगडखाण आहे. तेथे सापडलेल्या या खनिजाचे स्वतंत्र वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाले व खाणीचेच नाव त्याला मिळाले. तेथील माल मोजकाच होता. पुढे जे मोठे, देखणे नमुने बाजारात आले ते नाशिकच्या याच डोंगराच्या खाणीतले. परदेशी सूचीपत्रांत ‘पांडुलेणा, नाशिक’ ही अक्षरे म्हणूनच वाचावयास मिळतात.

हे खनिज कॅल्शियम व ॲल्युमिनियमचे जलयुक्त सिलिकेट होय. झिओलाइट या कुळातले. व्यापारी वाचकांसाठी त्याचा हिशेब वजनातच मांडणे सोयीचे. १०० ग्रॅम शुद्ध माल घेतला तर त्यात सुमारे ५९ ग्रॅम सिलिका, १७ ग्रॅम ॲल्युमिना, ९ ग्रॅम चुना आणि उरलेले जवळजवळ १५ ग्रॅम चक्क पाणी! हे पाणी दगडावर साचलेले नव्हे, त्याच्या अंतर्रचनेत बसलेले असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा एक जाळीदार सांगाडा असतो, त्याच्या पोकळ वाटांत कॅल्शियमचे कण आणि पाण्याचे रेणू वस्तीला असतात. झिओलाइट तापवले की हे पाणी बाहेर पडू लागते. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने असा एक दगड ज्योतीत धरला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेच्या आधारे त्याने या कुळाला ‘उकळणारा दगड’ असे नाव दिले.

रत्न म्हणून मात्र याचा उपयोग नाही, हे जव्हेरी बंधूंनी आधीच लक्षात घ्यावे. काठिण्य अवघे साडेचार. गारगोटीचे सात असते. पोलादी चाकूनेही याच्यावर ओरखडा उठतो. एका विशिष्ट दिशेने तो सहज चिरतो आणि त्या चिरलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. हातात घेतल्यास हलका लागतो. पाण्याच्या सव्वादोन पट एवढेच त्याचे वजन, हिरा साडेतीन पट असतो. रंग पांढरा किंवा रंगहीन. पृष्ठे पुष्कळदा किंचित वाकलेली, जणू मऊ असतानाच कोणी अंगठ्याने दाबली असावीत. ज्याच्या डोळ्याला ही वाक एकदा परिचित झाली तो गारगोटीच्या आणि स्टिल्बाइटच्या गर्दीतून हा तुकडा वेगळा काढू शकतो.

तरीही डोळ्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही. एपिस्टिल्बाइट नावाचे त्याचे एक भावंड आहे. दोघांतील सिलिकॉन, ॲल्युमिनियम व कॅल्शियम यांचे प्रमाण एकच. पाण्यात तेवढा किंचित फरक. केवळ रासायनिक पृथक्करण करून दोघांत निवाडा करणे म्हणूनच अवघड जाते. सांगाड्याची बांधणी वेगळी असते आणि ती क्ष-किरणांनी तपासावी लागते. दुर्मीळ मालाचा भाव सांगणाऱ्याकडे असा तपासणीचा कागद आहे की नाही, हे विचारण्यात कोणताही संकोच नसावा.

आता हा स्फटिक येथेच का, हे पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. आजही त्यांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. रस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने कॅल्शियम आणि सिलिका विरघळवून आणली व त्या पोकळ्यांत शांतपणे जमा केली. ज्या थरांत पोकळ्या अधिक ते लेणी कोरण्यास गैरसोयीचे. कारागिराला घट्ट, एकसंध खडक हवा असतो. संग्राहकाची आवड नेमकी उलटी.

एकसंध खडकावर काय कोरले आहे ते व्यापाऱ्याने अवश्य वाचावे. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली: २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याजच खर्चावयाचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रासाठी. गुणाकार करून पाहा, एक कार्षापणही इकडचे तिकडे नाही. शेजारच्या अकराव्या लहान लेण्यात ऋषभनाथांची मूर्ती आहे. गर्दीत ती अनेकांच्या नजरेतून सुटते.

मुद्दल न मोडण्याची ही रीत खाणीला लागू पडत नाही. खाण खडीसाठी असते. सुरुंग उडतो, पोकळी उघडते, आणि पुढचे काही तास महत्त्वाचे. पहार घेऊन कोणी स्फटिक हलक्या हाताने सोडवला तर तो वाचतो, नाहीतर क्रशरमध्ये जाऊन रस्त्याखाली गडप होतो. १८६३ साली पूर्ण झालेल्या भोर घाटाच्या लोहमार्गाच्या कामातही असेच सुंदर नमुने निघाले व विलायतेच्या संग्रहालयांत गेले. म्हणजे डोंगर फोडल्याखेरीज हे सौंदर्य हाती येत नाही आणि फोडलेला डोंगर पुन्हा भरत नाही. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म आहे. स्फटिक विकत घेणारा त्या सुरुंगापासून किती दूर उभा आहे, या प्रश्नाचे सोपे उत्तर मला सापडलेले नाही. मात्र जे आधीच फुटले आहे ते क्रशरमध्ये जाऊ देण्यापेक्षा जपणे बरे, एवढे मानण्यास हरकत नसावी.

नाशिकची यात्रा घडलीच तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय चुकवू नये. दख्खनच्या खडकांतील खनिजे तेथे एकत्र पाहावयास मिळतात. घरात एखादा तुकडा असेल तर तो दिव्याच्या उष्णतेपासून दूर, कापसावर ठेवावा, आम्लाने धुऊ नये, आणि सोबतची गावाचे व खाणीचे नाव लिहिलेली चिठ्ठी जपावी. तुकड्यावरची माती पुसता येते; तो कोठला हे एकदा विसरले की कोणत्याही यंत्राला ते पुन्हा नेमके सांगणे कठीण. संग्राहकांच्या बाजारात चिठ्ठी हरवलेल्या नमुन्याचा भाव लागलीच उतरतो.