सोबतीपासून सेवेपर्यंत

संस्था मोठी झाली की तिच्या संस्थापकांच्या तसबिरींना हार चढतात आणि त्या हारांमागची माणसे दिसेनाशी होतात. रोटरी क्लबच्या पहिल्या सभासदांविषयी वाचताना मात्र ते हार बाजूला सारता आले. मागे दिसले ते कुणी महात्मे नव्हते. आपल्यासारखेच पोटामागे शहरात आलेले संसारी जीव होते.

स्थळ अमेरिकेतील शिकागो शहर. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत चार जण जमले. पॉल हॅरिस वकील होते, सिल्व्हेस्टर शीली कोळशाचे व्यापारी, गुस्ताव्ह लोर खाण अभियंता आणि हायरम शोरी कपडे शिवून देण्याचा व्यवसाय करणारे. खोली होती लोर यांच्या कार्यालयाची. चौघेही लहान गावांत वाढलेले. चौघांनाही महानगराने काम दिले होते. मात्र जिव्हाळा दिला नव्हता.

सभेची कल्पना हॅरिस यांची. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या खेड्यात आजी-आजोबांच्या छायेत वाढले. १८९१ मध्ये वकिलीची पदवी घेतल्यावर त्यांनी पाच वर्षे देशभर भटकंती केली. फळे तोडली, वार्ताहर झाले, शिक्षक झाले, नाटकात कामे केली, संगमरवर आणि ग्रॅनाइट विकत फिरले. गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर राबत इंग्लंडही गाठले. १८९६ मध्ये ते शिकागोत स्थिरावले. अशिले मिळू लागली, पण मित्र मिळेनात. सुटीचा दिवस त्यांना खायला उठे.

हे वाचताना मी क्षणभर थांबलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही मुंबईत एका खोलीत राहत होतो. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उगाच रेंगाळायचो. शेकडो माणसे शेजारून जात, पण ‘घरची खुशाली काय?’ असे विचारणारे त्यांत कोणीच नसे. गावी तर किराणा दुकानदारालासुद्धा आमच्या तीन पिढ्या ठाऊक! हॅरिस यांना हवे होते ते हेच. १९०० मध्ये एका वकील मित्राबरोबर ते शहराच्या एका उपनगरात फिरायला गेले असता तो मित्र प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारताना त्यांनी पाहिला. खेड्यातला हा आपलेपणा शहराच्या मध्यभागी का आणता येऊ नये, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. त्याला आकार यायला पाच वर्षे जावी लागली.

लवकरच हॅरी रगल्स हे मुद्रक पाचवे सभासद म्हणून आले. बैठकीत गाणी म्हणण्याची प्रथा त्यांनी पाडली. माँटेग्यू बेअर या कोरीवकाम करणाऱ्याने गाडीच्या चाकाचे चिन्ह काढून दिले. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून नाव पडले ‘रोटरी’. पहिले अध्यक्ष झाले शीली. हॅरिस यांनी ते पद १९०७ पर्यंत घेतले नाही.

परंतु येथे सेवेचा लवलेश नव्हता, हे स्पष्ट सांगावयास हवे. प्रत्येक व्यवसायातील एकच सभासद घ्यावयाचा आणि एकमेकांना धंदा मिळवून द्यावयाचा, असा सरळ व्यवहार होता. कोणी कोणाला किती काम दिले याची नोंदही ठेवली जाई. क्लबची पहिली दोन उद्दिष्टे म्हणजे सभासदांचा व्यापारी लाभ आणि स्नेहभाव.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटविषयक वकिलांना सभासदत्वाचे निमंत्रण गेले. त्यांनी सरळ नकार दिला. केवळ स्वतःपुरता विचार करणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्यांचे मत होते. हॅरिस दुखावले नाहीत. ‘मग तुम्हीच दुरुस्ती सुचवा,’ या भावनेने त्यांनी कार्टर यांना आत घेतले आणि शिकागो शहराचे हित साधण्याचे तिसरे उद्दिष्ट घटनेत आले. टीकाकाराला दार लावून न घेता खुर्ची द्यावी, एवढा मोठेपणा या व्यापाऱ्यांपाशी होता. माझ्या मते रोटरीचा खरा जन्म या क्षणी झाला.

पहिले मोठे कार्य कोणते? सार्वजनिक स्वच्छतागृह! भर बाजारात पुरुषाला अडचण आली तर दारूच्या गुत्त्यात शिरून बिअर घ्यावी लागे आणि स्त्रियांना मोठ्या दुकानांचा आसरा. फुकट सोय झाली तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून या दोन्ही धंद्यांतून विरोध झाला. १९०७ मध्ये हाती घेतलेले काम १९०९ मध्ये तडीस गेले.

चौघांपैकी दोघे मात्र फार काळ टिकले नाहीत. ज्यांच्या खोलीत आरंभ झाला ते लोर थोड्याच वर्षांत बाहेर पडले आणि १९१८ मध्ये निवर्तले. शोरीही दुरावले. हॅरिस व शीली मात्र आयुष्यभर मित्र राहिले. शीली १९४५ मध्ये गेले, हॅरिस २७ जानेवारी १९४७ रोजी. शिकागोच्या माउंट होप दफनभूमीत त्यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत.

आपल्या धर्मसभेनेही या संस्थेकडे दीर्घकाळ साशंकतेने पाहिले. डिसेंबर १९५० मध्ये व्हॅटिकनने धर्मगुरूंना तिचे सभासद होण्यास मनाई केली होती. पुढे दुरावा निवळला. १९७९ मध्ये रोम येथील रोटरीच्या जागतिक अधिवेशनाला आलेल्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी संबोधित केले. उणिवा इतरही होत्या. स्त्रियांसाठी संस्थेचे दार जगभर उघडावयास १९८९ उजाडले. आणि तरीही १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जागतिक मोहीम हाती घेणारी संस्था हीच. आपल्या माताभगिनींनी रविवारी बाळांना कडेवर घेऊन लावलेल्या डोसाच्या रांगांमागे तिचेही हात होते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला; २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आपल्या धर्मग्रामांतही मंडळे निघतात, पतपेढ्या उभ्या राहतात. आरंभीचा हेतू निर्भेळ नसला की आपण नाके मुरडतो. पण एकटेपणातून सोबत आणि सोबतीतून लाभ शोधणाऱ्या माणसांनाही एक दिवस शेजारचा दिसू शकतो. त्यासाठी ‘हे सारे कोणासाठी?’ असे विचारणारा एखादा कार्टर लागतो, आणि त्याचे ऐकून घेणारी माणसे लागतात.