कोमट झाली की काढ

परवा दादरला ताईकडे गेलो होतो. भाचा रिमोटच्या गाडीची बॅटरी चार्जरला लावून बसला होता. चार्जरला इवलीशी स्क्रीन, तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, मिनिटं असं सगळं धावत होतं. शेजारी आमचे बाबा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांची मागची बाजू हळूच बॅटरीला लावली. लहान मुलाचा ताप बघतात ना, तशी. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी पंख्याकडे!

(घरच्या मंडळींना पुढची गोष्ट माहीत आहे. त्यांनी इथे थांबून चहा टाकला तरी चालेल.)

तर साल १९९१. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. मामा मस्कतहून आला आणि माझ्यासाठी लाल रंगाची रिमोटची गाडी घेऊन आला. आख्ख्या मजल्यावर पहिली! गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट जायची. पण एकदा चार्ज केली की जेमतेम बारा मिनिटं. आणि चार्जिंगला? चौदा तास! रात्री लावायची, शाळेत जायचं, परत यायचं, बारा मिनिटं खेळायचं, की पुन्हा उद्या.

कारण साधं होतं. बॅटरी निकेल-कॅडमियमची. (हा प्रकार स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये शोधला.) प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्ट. त्यात मावणार १२०० मिलिअँपिअर-तास, आणि सोबतचा चार्जर देणार १२० मिलिअँपिअर. हिशेबाने दहा तास, पण थोडी वीज वायाच जाते, म्हणून चौदा.

बाबा गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. मग मिळतील ती वायरिंगची कामं. माझी रोजची भुणभुण ऐकून एका रविवारी ते मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड घेतले. फियाट टॅक्सीच्या हेडलाइटचा एक जुना बल्ब त्यांच्याकडे होताच. तो बॅटरीच्या वाटेत मध्येच जोडला, म्हणजे करंट बेलगाम वाढत नाही. मल्टिमीटरवर अँपिअरच्या थोडं वर दिसायचं. तासाभरात बॅटरी तयार!

अट एकच. लावली की जागेवरून हलायचं नाही. दर पाच मिनिटांनी बोट लावून बघायचं. "थंड आहे तोवर वीज आत मुरतेय. कोमट झाली की पोट भरलं. काढ."

यामागचं शास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. निकेल-कॅडमियम सेल चार्ज होताना जवळपास थंडच राहतो. भरला की येणाऱ्या विजेला काम उरत नाही. मग आत ऑक्सिजन तयार होतो, तो कॅडमियमच्या पट्टीवर जाऊन पुन्हा सामावला जातो आणि त्यातून उष्णता निघते. करंट कमी असेल तर हे निभावतं, जास्त असेल तर दाब वाढत जातो. त्याच सुमाराला आतापर्यंत चढत आलेलं व्होल्टेज किंचित खाली येतं, एका सेलमागे दहा-वीस मिलिव्होल्ट. चांगले फास्ट चार्जर ही घसरण पकडून बंद होतात. सहा सेलची मिळून ती दशांश व्होल्टच्या आसपास. बाबांच्या काट्याच्या मीटरवर ती कुठली दिसायला! बोटाला कळायची.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. लालबागमध्ये त्या दिवसांत वायरमनला श्वास घ्यायला फुरसत नसते. बाबांना एका मंडळाच्या रोषणाईचं काम मिळालं होतं, वर्षातलं सगळ्यात मोठं. मी बॅटरी लावली आणि खाली ढोल वाजले म्हणून "पाच मिनिटांत येतो" असं स्वतःलाच सांगून मंडप बघायला पळालो. किती वेळ गेला, देव जाणे.

वर आलो तर बाबा मोरीत नळाखाली हात धरून बसले होते. ते घरी आले तेव्हा बॅटरी सूं सूं करत होती, वरचं प्लास्टिक आक्रसलं होतं. त्यांनी आधी स्विच बंद केला, मग धावपळीत ती तशीच हातात उचलली. आतला द्राव, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जहाल अल्कली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट पोळलं. बराच वेळ पाणी घातलं, तरी कातडी गेलीच.

दहा दिवस पकड धरता येईना. रोषणाईचं काम दुसऱ्याला गेलं. त्या दिवाळीला आम्हा दोघांना कपडे झाले नाहीत. ताईने तेव्हा एका शब्दानेही काही म्हटलं नाही. (नंतरच्या तीस वर्षांत मात्र भरपूर म्हटलंय. असो.) बाबा रागावलेही नाहीत. मी कोपऱ्यात उभा होतो, तर मला म्हणाले, "काढायला कोणीच नव्हतं ना रे." बस्स, एवढंच. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

गाडी माळ्यावर गेली ती कायमची.

भाच्याची बॅटरी लिथियम-पॉलिमरची. दोन सेल, ७.४ व्होल्ट. चार्जर प्रत्येक सेलवर नजर ठेवतो. ४.२ व्होल्टला पोचला की तो आकडा धरून ठेवतो आणि करंट आपोआप कमी करत नेतो. भाच्याने हे सगळं बाबांना नीट समजावलं. "आजोबा, ही कोमट व्हायची वाट बघायची नाही. गरम झाली, फुगली, तर पेटतेसुद्धा. म्हणून तर ही न जळणारी पिशवी."

"म्हणजे बोटाला काही कळायचं नाही?"

"कळेल, पण उशिरा."

बाबा गप्प झाले. हात मागे घेतला. त्या अंगठ्याची कातडी अजून थोडी गुळगुळीत आहे, उजेडात चकाकते. स्क्रीनवर अठरा मिनिटं बाकी दिसत होती. तेवढ्यात खालून मित्रांनी हाक मारली आणि भाचा चपला शोधायला लागला.

"कुठे निघालास?" बाबा म्हणाले. "लावलीय ना?"

तो काहीतरी बोलणार होता. ताईने डोळे मोठे केले. तो निमूट परत येऊन बसला. मीही खुर्ची ओढली.