पाणी बघून पत्ती

आमच्या वाशीम जिल्ह्यात चहाचं एक झुडूप नाही. इथली काळी जमीन सोयाबीनची, तुरीची, हळदीची. मे महिन्यातलं चाळिशीपार ऊन चहाला सोसणारं नाही. तरी वाशीममध्ये बसून चहाचा धंदा करता येतो, आणि मी तो करतो. बाग, तोडणी, कारखाना हे सारं आसामात आणि उत्तर बंगालात. आमच्याकडे पोत्यांतून तयार पत्ती येते. ती जशीच्या तशी पुड्यांत भरून विकली तर तो नुसता व्यापार झाला. वेगवेगळ्या बागांची, वेगवेगळ्या महिन्यांची, लहानमोठ्या दाण्याची पत्ती जुळवून गिऱ्हाइकाला वर्षभर एकच चव द्यायची, यात खरी कारागिरी आहे. आणि हे मिश्रण जमवायला बसलो की मी आधी पाणी बघतो.

आमच्या गोदामात चवीच्या टेबलाखाली तीन कॅन असतात. एकात शहराच्या नळाचं, म्हणजे एकबुर्जी धरणाचं पाणी. दुसऱ्यात खेड्यातल्या बोअरचं. तिसऱ्यात जारवाल्याकडचं आरओचं. नमुन्याची पत्ती तिन्ही पाण्यांत वेगवेगळी करून बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. अशा जड पाण्यात चहाला रंग गडद चढतो, पण तो मळकट असतो, आणि कप जरा निवला की वर तवंग धरतो. त्याच कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब पिळा, रंग लगेच उजळतो. पत्ती तीच असते, पाण्याचा गुण मधे आलेला असतो. आरओच्या पाण्यात उलटा प्रकार. पत्ती सगळं काही सोडून देते आणि चहा जिभेला ओढतो.

गेल्या काही वर्षांत हॉटेलवाल्यांनी जारचं पाणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तक्रारी येऊ लागल्या. ‘भाऊ, पत्ती बदलली का? रंग येते, पण चव पहिल्यासारखी नाही येत.’ पत्ती बदलली नव्हती. मी त्यांच्या कँटीनवर जाऊन त्याच पातेल्यात, त्यांच्याच शेगडीवर दोन्ही पाण्यांचा चहा करून दाखवला. मग त्यांच्यासाठी वेगळं मिश्रण बांधलं: आसामचा जोर थोडा कमी, उत्तर बंगालातल्या डुआर्सची पत्ती थोडी जास्त, दाणा जरा मोठा. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला मात्र आसामचा कडकपणाच लागतो. बोअरचं पाणी आणि म्हशीचं दूध, दोन्हींना पुरून उरेल असा जोर पत्तीत नसला तर कपात नुसतं गोड दूध राहतं.

लिलावाच्या गावी चव बघण्याची रीत ठरलेली आहे. अडीच ग्रॅमच्या आसपास पत्ती, पांढरं झाकणाचं भांडं, उकळतं पाणी, पाच मिनिटं. मग तो अर्क कपात ओतायचा, ओली पत्ती उलट्या झाकणावर काढायची आणि चमच्याने मोठा आवाज करत घोट ओढायचा, म्हणजे तो जिभेवर सगळीकडे फवारला जातो. ओली पत्ती तांब्याच्या रंगाची, चमकदार असली तर माल चांगला. काळपट-हिरवट असली तर कारखान्यात कुठेतरी घाई झालेली. ही रीत मी पाळतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, कारण आमच्याकडे कोणी पाच मिनिटं पत्ती भिजत ठेवून चहा पीत नाही. आम्ही उकळतो. म्हणून दुसरी परीक्षा पातेल्यात, साखर-दुधासकट. तिसरी परीक्षा तोच चहा बाजूला ठेवून पुन्हा उकळून, कारण कँटीनवर तेच होतं. दुसऱ्या उकळीला जी पत्ती कडू न होता टिकते, तिला मी दोन पैसे जास्त देतो. बारीक दाणा रंग पटकन सोडतो आणि पटकन संपतो. मोठा दाणा उशिरा सुटतो, पण उकळी सोसतो. दोन्हींचा मेळ घातला की पहिला कप आणि शेवटचा कप यांत फार अंतर पडत नाही.

आपण जिला दाणेदार पत्ती म्हणतो ती सीटीसी यंत्राची. १९३०च्या सुमारास आसामातल्या आमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर याने ते यंत्र बसवलं. दातेरी रुळांतून पान चिरडलं, फाडलं आणि वळलं जातं. त्यामुळे पानाचा रस पूर्ण मोकळा होतो आणि दुधात टिकणारा कडक चहा तयार होतो. ते यंत्र नसतं तर गरिबाच्या घरी चिमूटभर पत्तीत चार कप झाले नसते, असं मला मनापासून वाटतं.

खरेदीचं सारं गणित महिन्यांवर असतं. डिसेंबरात उत्तरेकडच्या बागांतली तोडणी थांबते, फेब्रुवारीपर्यंत कारखाने बंद. मार्च-एप्रिलची पहिली तोड सुगंधी, पण दुधात हलकी. मेअखेर ते जूनची दुसरी तोड म्हणजे आसामचं सोनं: जाड अर्क, तांबूस चमक. पुढे पावसाची पत्ती येते, ती भरपूर आणि स्वस्त, पण पातळ. कोलकात्यात १८६१ साली चहाचा पहिला लिलाव झाला, गुवाहाटीचं केंद्र १९७० साली सुरू झालं. आता बोली संगणकावर लागते. माझ्यासारखा छोटा माणूस सिलिगुडीच्या दलालामार्फत घेतो. जून-जुलैचा माल घेऊन ठेवायला भांडवल अडकवावं लागतं, आणि इथेच छोटा पॅकर मोठ्या कंपनीपुढे कमी पडतो. पण मोठ्या कंपनीचं एक मिश्रण अनेक जिल्ह्यांना पुरवायचं असतं, माझं एका जिल्ह्याला. या एका गोष्टीवर आमचा धंदा टिकून आहे.

माल आल्यावर खरी धास्ती वासाची. चहा भोवतालचा कुठलाही वास ओढून घेतो. आमच्या बाजारपेठेत हळदीचे ढीग लागतात. त्या हंगामात शेजारच्या गाळ्यात हळद उतरली की माझी पोती मी दुसरीकडे हलवतो, भाडं गेलं तरी चालेल. पावसाळ्यात तर पोतं फोडायचं ते सकाळी ऊन असताना, आणि संध्याकाळच्या आत पुड्यांची तोंडं चिकटलेली हवीत. मूठभर पत्ती दाबून सोडली आणि ती कुरकुरत मोकळी झाली तर ठीक. मऊ लागली की समजावं, हवा शिरली.

आता रंगाच्या पत्तीबद्दल. वापरलेली पत्ती वाळवून, रंग देऊन खुल्या बाजारात येते, भाव निम्मा. ती कुठे जाते? पाच-दहा रुपयांची पुडी घेणाऱ्या मजुराच्या घरी. त्याला दिवसातून दोन वेळा चहाचाच आधार असतो, म्हणून ही फसवणूक मला सगळ्यांत वाईट वाटते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढरा टीपकागद ओला करा, वर चिमूटभर पत्ती भुरभुरवा, थोड्या वेळाने झटका. खऱ्या पत्तीचे फिकट डाग पडतील. रंग दिलेली असेल तर लाल-पिवळे ठिपके पसरतील. एक लोहचुंबकही पत्तीतून फिरवा. यंत्राचे दाते झिजून लोखंडाचा कीस पत्तीत येतो. कायद्याने किलोमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. चुंबकाला दाट मिशा फुटल्या तर ती पत्ती घेऊ नका. मी पॅकिंगच्या आधी सगळा माल चुंबकावरून सोडतो. हे काम खर्चाचं नाही, फक्त करावं लागतं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. महिन्याला पुरेल तेवढीच पत्ती घ्या आणि ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यापासून लांब ठेवा. चहा बिघडला वाटला तर पत्ती बदलण्याआधी एकदा पाणी बदलून बघा. आणि आपल्या गावात कोणी पत्ती जुळवून विकणारा असेल तर त्याच्याकडे जाताना घरच्या पाण्याची एक बाटली सोबत न्या. त्याला काम येत असेल तर तो ती आधी मागून घेईल.