ट्रॉलीखालची पेटी

दसऱ्याच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागले की श्रीरामपूरच्या वर्कशॉपांत ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली येते दांड्याच्या वेल्डिंगसाठी, फाळक्याच्या पत्र्यासाठी. काम निम्म्यावर आलं की मालक चहाचा कप हातात घेऊन विचारतो, "चोरीचं काही करता येईल का हो?"

ट्रॉलीसारखी चोरायला सोपी वस्तू नाही. तिला इंजिन नाही, स्विच नाही, किल्ली नाही. कोणीही ट्रॅक्टर मागे घ्यावा, हुकात पिन टाकावी आणि चालू लागावं. हंगामात अशोकनगरच्या रस्त्याला रात्रभर ट्रॅक्टर धावत असतात, त्यामुळे आवाजानं कोणी अंथरुणातून उठतही नाही. म्हणून पहिलं काम दांड्याच्या टोकाशी. तिथल्या भोकात दुसऱ्याची पिन शिरताच कामा नये. त्या मापाचा भरीव गज लेथवर काढायचा, खाली भोकापेक्षा रुंद जाड चकती वेल्ड करायची, वर कुलपासाठी आडवं भोक पाडायचं. मग एका चाकाच्या डिस्कमधून चॅसीला जाड साखळी. चॅसीवर मालकाचं नाव मी वेल्डिंगच्या टाक्यांनीच लिहितो. रंग पुसता येतो. हे घासायला ग्राइंडर लागतो आणि घासलेलं दिसतं.

परदेशात लोक मोटारीमागे फिरतं घर जोडून सुटीला जातात. आपल्याकडचं फिरतं घर म्हणजे ऊसतोड टोळीची ट्रॉली. बीडकडून, पाथर्डीकडून ती येते तेव्हा तिच्यात पत्र्याच्या पेट्या, हंडे, पिठाचे डबे, कोंबड्या, लेकरं, सगळं असतं. गावाबाहेर त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात. कोपीला कुलूप लावायचं तरी कशाला? पाचटाच्या भिंतीला हात घातला की वाट. पहाटे अंधारातच माणसं फडात जातात आणि मागं पैसे, डाग, कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत राहतात. चोराला ती पेटी फोडायचीही गरज नाही, उचलली की झालं.

म्हणून मी ट्रॉलीच्या तळाखाली, चॅसीच्या दोन चॅनेलमध्ये, लोखंडी पेटी बसवायला लागलो. लोक आधी कुलपाची किंमत विचारतात. मी आधी बिजागऱ्या पाहतो. बाहेरून दिसणाऱ्या बिजागरीची पिन छिन्नीनं ठोकून काढली की भारीतलं कुलूप जागेवर लटकत राहतं आणि झाकण उलट्या बाजूनं उघडतं. त्या पिनेची दोन्ही टोकं वेल्ड करतो. कडी-कोयंड्याचे बोल्ट गोल डोक्याचे, नट आतून. आणि कुलपावर पाइपचा तुकडा असा बसवतो की खालून किल्लीपुरता हात जाईल, पण पहारीचं टोक अडकणार नाही. पहारीला टेकायला जागा मिळाली की तिची ताकद कैक पटींनी वाढते. जागाच दिली नाही तर ती नुसती जड काठी.

कुलूप कसं घ्यावं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ब्रामाचं नावाजलेलं कुलूप किल्लीविना उघडलं, आणि त्याला पन्नासहून जास्त तास लागले. आमच्या भागातल्या चोराला इतकी सवड नाही. तो तारा घालून खटके चाचपडत बसत नाही. पहार घालतो, नाहीतर बॅटरीवरचा ग्राइंडर. त्यामुळे आत लिव्हर किती यापेक्षा मी कडीवर कानस फिरवून पाहतो. घसरली तर पोलाद कडक. चावली तर कुलूप परत. ग्राइंडरपुढे अर्थात काहीच फार काळ टिकत नाही. पण तो चालला की ठिणग्या उडतात, आवाज मैलभर जातो, आणि कोप्यांतली कुत्री काही बहिरी नसतात. स्वस्त कुलपांत दुसरी गोम: एकाच खोक्यातल्या दोन कुलपांना कधी कधी एकच किल्ली चालते. दुकानातच फिरवून पाहावी.

धूळ आणि उसाचा रस मिळून कुलपात जो चिकटा बसतो, त्यावर लोक तेल सोडतात. तेलात आणखी धूळ बसते. मी पेन्सिलीचं शिसं कुटून ती पूड फुंकायला सांगतो. वरून रबराची जुनी ट्यूब कापून झडप.

खरी घासाघीस मात्र टोळी आणणाऱ्या मुकादमाशी होते. त्याला एकच मोठी पेटी आणि एकच किल्ली हवी असते, अर्थात त्याच्या खिशात. पत्रा कमी, वेल्डिंग कमी, पैसे कमी, हे त्याचं म्हणणं हिशेबाला बरोबर आहे. पण टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावावर, फेडायची त्यांनीच, आणि उरलेले चार पैसे मात्र मुकादमाच्या किल्लीत? मी दर कोयत्याला वेगळा कप्पा करतो, वेगळं कुलूप लावतो, मजुरी थोडी सोडतो. दोन किल्ल्या येतात. एक बाईच्या हातात देतो, दुसरी तिच्या नवऱ्याच्या. मुकादम तिसरी करून मागतो. माझ्याकडे किल्ल्या कापायचं मशीन आहे, हे त्याला माहीत असतं. मी त्याला बाजारातलं दुकान दाखवतो. नमुन्याची किल्ली त्यानं त्या बाईकडून मागून न्यावी.